क्लचमधला गुलाल

सांगलीहून नांदेडला लोक दोन कारणांनी जातात : गुरुद्वारात माथा टेकायला, नाहीतर मुलाला क्लासला घालायला. मी जुनी स्पोर्ट्स कार आणायला गेलो होतो असं सांगितलं की ऐकणारा क्षणभर थांबतो आणि माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतो. मग तो विषय बदलतो. म्हणून एकदाच, सगळं, लिहूनच टाकतो.

कॉलेजात तीस वर्षं इतिहास शिकवून मी निवृत्त झालो. दोन दारांची, उघड्या टपाची गाडी हवी हे खूळ मात्र त्याहून जुनं. नांदेडच्या एका क्लासवाल्या सरांची गाडी विकायला आहे, अगदी कमी चाललेली आहे, असं एका जुन्या विद्यार्थ्याने कळवलं. फोनवर बोलणी झाली, कागदपत्रं झाली, आणि नुसत्या फोटोवर गाडी माझ्या नावावर झाली. हे कळल्यावर बायको म्हणाली, "आणा. पण एकदाच. फसलात तर पुन्हा या घरात गाडीचं नाव काढायचं नाही." सदतीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, असं ती म्हणते तेव्हा तसंच होतं.

नांदेड, पहिला दिवस

क्लासच्या रस्त्यावर इमारतींना चेहरे असतात. प्रत्येक इमारतीवर एकेक सर, दोन मजले उंच, हाताची घडी घालून उभे. कोणी फिजिक्सचे, कोणी केमिस्ट्रीचे. आमच्या सांगलीत एवढा मोठा फोटो निवडणुकीत लागतो किंवा तेराव्याला. इथे माणूस हयात असतो, निवडून यायचं नसतं, तरी लागतो. माझी गाडी ज्यांच्याकडे होती त्या हंगरगे सरांचा फोटो त्यांतही मोठा होता. त्यामुळे प्रत्यक्ष सर भेटले तेव्हा मी त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघत राहिलो. पाच फूट दोन इंच उंची, साधा पांढरा शर्ट, खिशात तीन पेनं, बोटांना खडू.

"प्राध्यापक साहेब, दहा मिनिटं बसा. तेवढा तास संपवून येतो," म्हणाले. मी चहाऐवजी तासच मागितला. शेवटच्या बाकावर जागा मिळाली.

मी चेष्टा करायच्या तयारीने बसलो होतो. ती जमली नाही. सरांनी पुढचं एक बाक ओढून मधे आणलं, त्यावर एका आडव्या बांध्याच्या पोराला बसवलं आणि दुसऱ्याला म्हणाले, "ढकल." बाक हलेना. "अजून. अजून." एकदम बाक सुटलं आणि सरकत गेलं. "आता ढकलायला तेवढा जोर लागला का रे?" "न्हाई सर, सोपं गेलं." सर फळ्याकडे न वळताच म्हणाले, "बघा. जे धरून बसतं ते जास्त धरतं. एकदा घसरायला लागलं की पकड कमी होते. सूत्र नंतर लिहा, आधी बाक लक्षात ठेवा." तीनशे पोरं एकदम गप्प झाली. माझ्या वर्गात अशी शांतता फक्त हजेरीला असायची.

नंतर सरांच्या घरी जेवलो. ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ घालून केलेली ही आमटी आमच्याकडे होत नाही. का होत नाही याचं उत्तर मला तिसऱ्या वाटीपर्यंत सापडलं नाही. आमच्याकडे पाहुण्याला "अजून घ्या" म्हणतात आणि थांबतात. इथे म्हणतात आणि वाढतात.

मग गाडी बघितली. लाल, जपानी बनावटीची, कापडी टप मागे दुमडणारी. सरांनी ती कापडाच्या दोन आवरणांखाली ठेवली होती. आवरण निघालं आणि मी काही काळ विचार करण्याच्या स्थितीत नव्हतो.

"आठ वर्षांत ही गाडी मी चाळीसच्या वर नेलेली न्हाई," सर म्हणाले. "खड्ड्यात घातली न्हाई, पावसात काढली न्हाई."

"मग विकता कशाला?"

"टॉपर वाढले ना. निकालाच्या मिरवणुकीला काढायचो हिला. सीटांच्या मागं, पाठीवर दोन पोरं बसतात, तिसरा घसरतो. आता उघडी जीप घेतली."

भिंतीवर त्या मिरवणुकींचे फोटो होते. दरवर्षीची वेगळी पोरं, तीच गाडी, हार, पुढे बँड. मी ते कौतुकाने बघितले. चाळीसच्या वर न गेलेली स्पोर्ट्स कार! मला वाटलं, मी भाग्यवान माणूस आहे. इतिहासाच्या माणसाने पुरावा समोर टांगलेला असताना असं वाटून घेऊ नये.

तीन महिने मी क्लचवर वाचत होतो. जुन्या गाडीत रंग लपवता येतो, आकडा फिरवता येतो, पण खरी भीती क्लचची. क्लचबद्दल कोणी मुद्दाम खोटं बोलत नाही, कारण खरं कोणालाच माहीत नसतं. इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये ती एक प्लेट असते. पाय उचलला की ती इंजिनाला चिकटते, दाबला की सुटते. ती किती झिजली आहे हे बाहेरून दिसत नाही. मी सरांना ही चिंता सांगितली.

सर ताठ झाले. "तीन दिवस चालवा. परवा संध्याकाळपर्यंत क्लचमध्ये दोष निघाला तर गाडी मी परत घेतो. एक शब्द विचारणार न्हाई. हंगरगेचा शब्द हाय."

शब्द देताना त्यांनी हाताची घडी घातली. क्षणभर ते फोटोएवढे दिसले.

नांदेड ते लातूर, दुसरा दिवस

सकाळी टप मागे टाकून निघालो. जानेवारीची थंडी होती, कानटोपी घातली होती. त्यामुळे स्पोर्ट्स कारमधल्या माणसाचा जो रुबाब असतो तो माझ्यात नव्हता. पण दोन्हीकडे ज्वारी कणसाला आलेली, बांधाबांधाने करडईची पिवळी काटेरी फुलं आणि मधे काळीभोर, ओलसर जमीन. आमच्याकडे ऊस डोळ्यांसमोर हिरवी भिंत उभी करतो. इथे लांबपर्यंत बघता येतं आणि गाडी बुटकी असल्यामुळे सगळं कणसाच्या उंचीवरून दिसतं. मला वाटतं, या मुलुखातून असंच बसून जावं.

लोह्याला चहाला थांबलो. गाडीभोवती माणसं जमली. पहिला प्रश्न सगळीकडे असतो तोच, "किती देती?" पण दुसरा निराळा होता. चहावाला गाडीला वळसा घालून आला आणि म्हणाला, "ही हंगरगे सरची न्हवं?"

"होती. आता माझी."

"माझा पुतण्या बसला होता हिच्यात. मेडिकलला लागला तवा." त्याने दाराला हात लावला, देवळाच्या उंबऱ्याला लावतात तसा. "चौकातून क्लासपोत्तर तीन तास लागले, काका. दीड किलोमीटर. काय गर्दी म्हनता! बँड, हलगी, गुलाल. आमच्या खानदानात पहिलं पोरगं डॉक्टर होऊन राहिलं."

चहाचे पैसे त्याने घेतले नाहीत. मी त्याच्या आनंदात इतका रमलो की तीन तास आणि दीड किलोमीटर यांचा भागाकार करायचं राहून गेलं.

माळाकोळीच्या पुढे रस्ता चढायला लागतो. चढावर पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, त्यावर स्पीकर. ओलांडायला तिसऱ्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं, फेऱ्यांचा काटा टुणकन वर गेला आणि गाडी मात्र होती त्याच वेगाने ट्रॉलीच्या बरोबरीने चालत राहिली. पुस्तकात हेच लिहिलं होतं : इंजिन पळतं आणि गाडी पळत नाही, तेव्हा प्लेट घसरते आहे. दोन सेकंदांनी पकड आली आणि मी पुढे निघालो. नाकात वास आला. जळका कागद आणि तापलेलं पायताण यांच्या मधला.

पुढे सपाटीवर तीच परीक्षा चार वेळा घेतली. चारही वेळा गाडी शहाण्यासारखी वागली. झालं ते खरं की मला वाटलं ते खरं? बायकोचं वाक्य कानात वाजत होतं. परत दिली तर हे पहिलं आणि शेवटचं. ठेवली आणि सांगलीच्या वाटेवर क्लच गेला तर ते हसं आयुष्यभर.

चाकूरजवळ एका हॉटेलात धपाटे खाल्ले, दही आणि शेंगदाण्याची चटणी. धपाटे इतके चांगले होते की चिंता असतानाही चार खाल्ले. मालक गाडीपाशी उभा राहिला, हवेत नाक वर करून म्हणाला, "क्लच जाळून राहिले का, साहेब?"

मी काहीच बोललो नव्हतो.

"आठ वर्षं टँकर चालवला म्या. वास कळतो. लातूरला बशीर मिस्त्रीला दावा. क्लचचा हकीम हाय. बोर्ड न्हाई त्याचा, पर कुनाला बी इचारा."

लातूरमध्ये शिरताना पुन्हा चेहऱ्यांच्या इमारती लागल्या. लॉजवर माझ्या शेजारच्या खोलीत मुलाच्या प्रवेशासाठी आलेलं कुटुंब होतं. त्यांनी मलाही पालकच समजून कुठल्या सरांकडे घातलं असं विचारलं. मी म्हणालो, अजून बघतोय. ते खरंच होतं.

लातूर, तिसरा दिवस

बशीरभाईंचा बोर्ड खरंच नव्हता. पत्र्याचं शेड, एक खड्डा आणि चाळिशीच्या आसपासचा एक बारीक माणूस. डोक्याला रुमाल बांधलेला. बोलतो कमी, ऐकतो जास्त, आणि ऐकतो ते माणसाचं नाही. मी माळाकोळीपासून सगळं सांगत होतो तेव्हा ते बॉनेटवर हात ठेवून इंजिन ऐकत होते.

"काका, जरा गप बसता का?"

बसलो. त्यांनी क्लच पॅडल हाताने तीनदा दाबलं. मग खड्ड्यात उतरले आणि खिशातून दातांच्या डॉक्टरचा असतो तसा, लांब दांडीचा, नखाएवढा आरसा काढला.

"एका डॉक्टरांची गाडी बसवून दिली. इचारलं काय पायजे, म्हनलं हे द्या." गियरबॉक्सच्या पोटाला एक भोक असतं, रबराने झाकलेलं. रबर फाटलेलं होतं. त्यांनी ते सरकवलं, आरसा आत घातला, बॅटरी धरली आणि मलाही खाली बोलावलं. एकसष्टाव्या वर्षी मी खड्ड्यात उतरलो. "बोटं दिसतात का? प्लेटीला धरून ठेवनाऱ्या पंजाची बोटं हायती ती. प्लेट नवी असली की सपाट असतात. प्लेट झिजत जाती तशी बाहीर येतात."

बोटं बाहेर आलेली होती. पुस्तकात हे चित्र होतं. पण पुस्तकातलं चित्र आणि आपल्या मालकीची झीज यांत फरक असतो.

"किती गेली?"

"निम्मी. थोडी जास्तच." मग त्यांनी आरसा काढून त्याची कड बोटाने पुसली आणि बोट उजेडात धरलं. "ह्ये काय हाय?"

मला वाटलं गंज. त्यांनी हवेच्या पाइपचं तोंड भोकाला लावून एक फुंकर मारली. आधी काळा भुसा पडला. मग त्याच्यामागून, फक्कन, गुलाबी धूर. खड्डाभर. बशीरभाईंच्या रुमालावर, माझ्या चष्म्यावर, पांढऱ्या केसांवर.

"प्लेटीचा भुसा काळा असतो, काका," बशीरभाई शिंकत म्हणाले. "ह्यो गुलाल हाय."

आणि ते हसायला लागले. खड्ड्याच्या भिंतीला टेकून, पोट धरून. मीही हसलो, पण माझं हसणं उशिरा आलं. आधी भागाकार आला. दीड किलोमीटरला तीन तास. आठ वर्षं, दर निकालाला. बँडच्या चालीने, पायाखाली अर्धवट दाबलेलं पॅडल. प्लेट पूर्ण धरतही नाही आणि सुटतही नाही, नुसती घासत राहते. ही गाडी चाळीसच्या वर गेली नव्हती, हे अगदी खरं होतं. ती पाचच्या वरही क्वचितच गेली होती.

"घाटात जळलेली प्लेट येगळी असती," बशीरभाई म्हणाले. "हिच्यावर काच चढल्यासारखी झाली आसल. नाचून नाचून गुळगुळीत. तापली की घसरती, गार झाली की धरती. म्हनून तुमाला कळंना."

सरांना फोन केला. गुलालापर्यंत सगळं सांगितलं. मग, "मी येतो," आणि फोन बंद. दुसरी गाडी प्रवेशाच्या मेळाव्याला परभणीला गेली होती. दोन मजले उंचीचा माणूस एसटीने निघाला.

तोवर बशीरभाईंनी सुशीला मागवला. कुरमुऱ्यांचा, पोह्यांसारखा, कांदा-मिरची घालून केलेला. खाता खाता विचारलं, हे काम कुठे शिकलात. ते औशाकडच्या एका खेड्यातले. भूकंप झाला तेव्हा शाळकरी होते. त्या पहाटे आमच्या सांगलीतही मांडणीवरची भांडी वाजली होती. आम्ही उठून पाणी प्यालो आणि झोपलो. त्यांच्या गावात उठायला फार माणसं राहिली नव्हती.

"मंग ट्रक यायला लागले. पत्रे, सिमेंट, खडी. वरीसभर. चिखलात रांग लागायची, डायव्हर हाफ क्लचवर रेटायचे, प्लेटा जळायच्या. एक सरदारजी मिस्त्री आले होते नांदेडहून, आमच्या माळावर तंबू ठोकून. म्या पाने-पक्कड द्यायचो त्यांना. ते म्हनायचे, गाडी बोलती, तू गप बस." त्यांनी हात पुसले. "गावात बोलायला तसं बी कोन होतं?"

एवढंच सांगितलं. मग उठले आणि शेजारच्या रिक्षाचं चाक काढायला लागले.

सर दुपारी साडेबाराला आले, घामाघूम, रुमालाने मान पुसत. थेट खड्ड्यात उतरले. आरशातून बघितलं, जमिनीवरचा गुलाबी भुसा चिमटीत घेऊन खडूसारखा चोळला.

"सर?" मी म्हणालो.

"दरसाल घर्षण शिकवतो मी," सर खड्ड्यातून म्हणाले. "बाक ढकलून." ते वर आले. "प्राध्यापक साहेब, गाडी परत द्या. शब्द म्हणजे शब्द."

आता गंमत अशी झाली की सर परत मागायला लागले आणि मला ती द्यावीशी वाटेना. मी म्हणालो, बघू. सर म्हणाले, बघायचं काही राहिलं नाही, दोष निघाला. मी म्हणालो, तुमची काय चूक. सर म्हणाले, माझ्या नावाचा प्रश्न आहे, उद्या लोक म्हणतील हंगरगेनं जळका क्लच गळ्यात मारला. आवाज चढत गेले. दोन शिक्षकांचं भांडण ज्याने ऐकलं आहे त्याला माहीत असेल की त्यात कोणीच ऐकत नाही.

"थांबा जरा," बशीरभाई म्हणाले. "दोष हाय का न्हाई ते म्या सांगतो. पर निम्मी प्लेट बघितली, निम्मी बघायची राह्यली."

"निम्मी कुठली?"

"काकांचा पाय. चला आमच्या गावाला. तिथं रस्ते मोकळे हायती."

गाडीत दोनच जागा, पण गाडी परत घेतल्याशिवाय सर तिच्यात बसायला तयार नव्हते. मी आणि रिकामी सीट पुढे, मागून मोटारसायकलवर बशीरभाई आणि त्यांच्या पाठीला धरून हंगरगे सर. रस्त्यावरच्या एका फ्लेक्सवर कोणी दुसरे सर होते. त्यांनी हे बघितलं असतं तर घडी सोडली असती.

नवं गाव भूकंपानंतर वसवलेलं. सरळ रेघेतली घरं आणि एवढे रुंद रस्ते की आमच्या सांगलीत त्यावर चार दुकानं आणि एक पार्टी ऑफिस झालं असतं. बशीरभाई म्हणाले, जुन्या गावात गल्ली हातभर होती, ह्या दारातून त्या दारात कालवण जायचं. इथे शेजाऱ्याला हाक मारायची तर फोन करावा लागतो. पण रस्त्याच्या दोन्ही कडांना लोकांनी कडुनिंब लावले होते, ओट्यांना ओटे जोडले होते, आणि मधल्या मोकळ्या जागेत तूर वाळत होती. सरकारने आखलेल्या रेघा गावाने हळूहळू वाकवून घेतल्या होत्या. ते बघून फार बरं वाटलं.

बशीरभाईंनी माझा डावा बूट काढायला लावला. स्वतः शेजारी बसले, गियरच्या दांडीखाली तळहात ठेवला, डोळे मिटले. "ह्या लिंबापासून समाजमंदिरापोत्तर. निघा, थांबा. निघा, थांबा."

निघालो.

"घासलं."

पुन्हा.

"घासलं. पाय पॅडलवर इसावा घेतो तुमचा. तिथं काय खाट हाय का?"

तीस वर्षं मी गाडी चालवतो आहे. आणि तीस वर्षं माझा डावा पाय काम नसताना पॅडलवर टेकलेला असतो, हे मला त्या दिवशी कळलं. ओट्यावर हुरडा भाजणारी एक म्हातारी, सोजरमावशी, सगळं बघत होती. सरांना तिने बसायला पोतं दिलं होतं आणि हातावर गरम हुरडा.

"आरं बशीर, ह्यो मास्तर नवा शिकून राह्यला का?"

"न्हाई मावशी. जुनंच हाय, इसरायला लावून राह्यलो."

"मंग येळ लागंल," मावशी म्हणाली.

मोजले नाहीत, पण बऱ्याच फेऱ्या झाल्या. अनवाणी पायाला हळूहळू समजायला लागलं की पॅडल एका जागी थरथरतं, प्लेट इंजिनाला हात लावते ती जागा. तिथे रेंगाळायचं नाही. पकड द्यायची आणि पाय काढून जमिनीवर ठेवायचा. एका फेरीला बशीरभाई काहीच बोलले नाहीत. पुढच्यालाही नाही. तिसऱ्याला त्यांनी तळहात काढून मांडीवर पुसला.

मग सरांना बसवलं. लिंबापासून समाजमंदिरापर्यंत बशीरभाई एकसारखे "घासलं, घासलं, घासलं" म्हणत गेले आणि शेवटी म्हणाले, "सर, बँड न्हाई पुढं. सोडा की पाय."

मावशीने तोंडाला पदर लावला. हंगरगे सर इतके हसले की त्यांना गाडी बंद करावी लागली.

निवाडा लिंबाखाली झाला. बशीरभाई म्हणाले, "दोष म्हंजे कंपनीतून आलेला, न्हाईतर लपवलेला. ह्यो दोष न्हाई. झीज हाय. झीज माझ्या गुडघ्यात बी हाय. ह्या पायानं चालवली तर काच खरवडून निघंल आन् प्लेट लई वर्षं जाईल. सरच्या पायानं पुढच्या निकालाला बाद." मग सरांकडे वळून, "राग नका मानू."

"राग कशाचा?" सर म्हणाले. "बरोबर उत्तर हाय."

बशीरभाई गावातच थांबणार होते. त्यांनी माझ्याकडून आरशाने बघण्याची मजुरी घेतली, पाय बघण्याची घेतली नाही. मला सरांना लातूर स्टँडवर सोडायचं होतं. दाराशी सर घुटमळले. "प्राध्यापक साहेब, तेवढं मी चालवू का? शेवटचं."

मी बशीरभाईंकडे बघितलं. ते म्हणाले, "बूट काढा, सर."

औशाच्या रस्त्याला लागेपर्यंत सर पाठ ताठ करून, शाळेतल्या परीक्षेला बसल्यासारखे चालवत होते. मग रस्ता रिकामा झाला. दुसरा गियर. तिसरा. पाय खाली. टप उघडा, करडईचा वास, वारा कानात. चौथा. काटा ऐंशीच्या पुढे गेला तेव्हा सरांच्या खिशातलं एक पेन उडून मागे गेलं आणि त्यांनी बघितलं नाही.

"पाचवा असतो हे मला माहीत होतं," ते वाऱ्यावर ओरडले, "पण टाकला कधीच न्हवता!"

टाकला. गाडी जमिनीलगत जरा अजून खाली बसल्यासारखी झाली आणि आवाज उलट कमी झाला. आठ वर्षं त्यांनी ही गाडी कापडाखाली ठेवली होती, वर्षातून एकदा तिच्या पाठीवर दुसऱ्यांची पोरं बसवली होती आणि स्वतः पुढे मान खाली घालून हाफ क्लचवर चालवली होती. फोटोत दिसायचे ते टॉपर. चालवणारा कुठल्याच फोटोत नीट आला नव्हता. 

स्टँडसमोर ते उतरले. बूट घातले. नांदेडची गाडी लागलेली होती, कंडक्टर ओरडत होता. सरांनी दाराच्या कडेवर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला.

"संध्याकाळ व्हायचीय अजून," ते म्हणाले. गाडीकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "मुदत संपली न्हाई. परत द्यावीशी वाटली तर... मी घ्यायला तयार हाय. शब्दाचं न्हाई म्हणत. असंच."

मला त्यांचा चेहरा बघवेना. हा माणूस दुपारी जबरदस्तीने गाडी परत घेत होता तेव्हा नाही म्हणणं किती सोपं होतं.

"झीज आहे, सर," मी म्हणालो. "दोष नाही."

त्यांनी मान हलवली. बरोबर उत्तराला हलवतात तशी. दारावरून एकेक बोट उचललं, मग हात, आणि एसटीच्या पायरीवर चढले.

तो हात सुटेपर्यंत मी थांबलो होतो. मग डावा पाय दाबला, पहिला टाकला, पकड आली तशी पाय पॅडलवरून काढला आणि जमिनीवर ठेवला. सांगली अजून बरीच लांब होती.